उदयोन्मुख

वर्तमानपत्रानं आमच्या वस्तीला
'उदयोन्मुख' म्हटलंय.
बाबांनी तो शब्द दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग म्हणाले, चाळीस वर्षं पाचला उठतोय,
उदय कुठल्या अंगाला होतो ते मला विचारायचं.

तेझू नदीचा काठ आणि रेल्वेचे रूळ,
मधे वाइनच्या रिकाम्या वखारी,
त्यांना पाठ लावून आमचं दुकान. सव्वादोन मीटर रुंद.
भिंतभर कोऱ्या चाव्या, अजून दात न आलेल्या.
पाटीवर आजोबांचं नाव,
त्यातलं एक अक्षर मालगाडीच्या हादऱ्यांनी
कधीच गळून पडलंय.

लिस्बनच्या या टोकाला काय चाललंय
ते आम्हाला चाव्यांवरून कळतं.
पूर्वी माणूस लग्न ठरलं की एक चावी करून न्यायचा.
पोर शाळेतून एकटं यायला लागलं की दुसरी.
कुस्तोदियूच्या बायकोनं तर, तो गेल्यावर,
एक परत आणून दिली. आता दोन कशाला, म्हणाली.
बाबांनी ती खिळ्याला अडकवली
आणि तिचे पैसे परत केले, जुन्या भावानं.

अलीकडे एक मुलगा यायचा, पायात मोजे नसलेला,
एकाच दाराच्या चौदा चाव्या मागायचा.
दार दोना एर्मेलिंदाचं.
ती नदीपलीकडे, लेकीच्या घरी, चौथा मजला, लिफ्ट नाही.
इकडे तिच्या स्वयंपाकघरात दर शुक्रवारी नवी माणसं
कॉफीचं भांडं शोधत कपाटं उघडायची.
मग तोही यायचा थांबला.
दारांना आकडे आले.

खोटं कशाला बोलू,
गल्लीत दिवे आले तेही याच लोकांमुळे.
बस वेळेवर येते.
वखार क्रमांक दोनमधली बिअर मी पिऊन आलेय,
महाग होती, चांगली होती.
नेल्सोननं गॅरेज विकलं
आणि तो रडला वगैरे नाही, त्यानं नवे दात बसवले.

रविवारी बाबांना घेऊन विक्री कार्यालयात गेले.
काचेखाली आमची वस्ती. स्पंजची झाडं.
भाताच्या शितांएवढी माणसं, सगळी चालत होती,
एकाच्याही हातात पिशवी नव्हती.
बाबांनी काचेवर बोट ठेवून रूळ धरला,
रुळावरून पूल, पुलावरून आमची गल्ली.
दुकानाच्या जागी एक बाक होता.
बसायची सोय झाली, म्हणाले.

तिथल्या मुलीनं पाणी दिलं, आवाज गोड होता.
जुन्या दुकानदारांना प्राधान्य आहे,
चौरस मीटरला फक्त साडेसहा हजार.
बाबांनी पेल्याखालच्या कागदावर हिशेब मांडला.
अडीच युरोला एक चावी,
म्हणजे मीटरला दोन हजार सहाशे चाव्या.
एवढ्यात मी नुसता उभा राहणार, ते तिला म्हणाले,
हात हलवायचे तर आणखी लागतील.

काल कंपनीचा इंजिनियर आला.
वखार चारची चावी, वीतभर लांब, गंजलेली.
पाडणाऱ्या लोकांसाठी दोन करून हव्या होत्या.
बाबांनी ती उजेडात धरली.
गळ्याजवळ कानशीनं काढलेल्या तीन बारीक रेघा.
आजोबा तीनच काढायचे.
बोलले काही नाहीत. तसल्या कोऱ्या चाव्या
आता मिळत नाहीत,
सगळी दुपार हातानं घासत बसले.

मी म्हटलं, सोमवारी ते दारच उरणार नाही,
एवढं नीट कशाला?
कानस थांबली नाही.
रविवारपर्यंत कुलूप आहे ना, म्हणाले.

संध्याकाळी इंजिनियरनं फोन पुढे केला, पैसे द्यायला.
आमच्याकडे ते यंत्र नाही.
उद्या सुटे आणतो, म्हणाला, आणि खरंच ओशाळला.
बाबांनी उधारीची वही काढली.
कंपनीचं नाव भारी लांब, तीन भाषांतलं,
ओळीत मावेना.
त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं:
बाकवाले. चाव्या दोन.
येणे, पाच युरो.