हात दाखवणे

ग्लेनिसची होंडा अठ्ठ्याहत्तर सालची,
ग्लेनिस स्वतः एकाहत्तर वर्षांची.
दोघींना थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो,
हे तिचंच वाक्य, माझं नाही.

मागच्या गुरुवारी बर्नली रोडवर
दुधाच्या टँकरवाल्याला तिचं उजवं वळण दिसलंच नाही.
काच खाली करून म्हणाला,
तो दिवा होय? मला वाटलं
संत्र्याची साल चिकटलीय.

म्हणून आज टॉडमर्डनच्या या उतरत्या गल्लीत,
तिच्या शेडमध्ये,
गुडघ्यांखाली सोफ्याची जुनी उशी, दातांत टॉर्च,
मी हेडलाइटचं पोट उघडून बसलेय.
हिरवी वायर अर्थची. नारिंगी डावी. फिकट निळी उजवी.
चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या काजळीत
निळी आणि हिरवी बहिणी-बहिणी दिसतात;
थुंकी लावून पुसावं लागतं.

साध्या बल्बचं बरं असायचं,
वीज कुठल्याही दारानं आली तरी पेटायचा.
एलईडीला मानपान लागतो.
लाल कुठे, काळी कुठे, चुकलं की रुसून बसतो,
सोयऱ्यासारखा.

लावले चार.
पेटले, पण लुकलुकेनात.
जुन्या रिलेला तापायची सवय,
आणि या नव्यांची भूक चिमणीएवढी;
तो बापडा वाट बघत राहिला.
काढला. नवा बसवला, इलेक्ट्रॉनिक.
मग डावं बटण दाबलं तर चारही लुकलुकले,
उजवं दाबलं तरी चारही.
हात दाखवून अवलक्षण, मी मराठीत पुटपुटले.
ग्लेनिस म्हणाली, काय म्हणालीस?
म्हटलं, चहा ठेव.

दोष मीटरमधल्या इवल्या बल्बचा निघाला.
एकच बल्ब, दोन्ही बाजूंचा निरोप्या:
डावीकडची वीज त्याच्यातून चोरपावलांनी
उजवीकडे जाऊन बसते.
त्याला दोन डायोड.
मिऱ्याच्या दाण्याएवढे काळे, एका टोकाला पांढरी रेघ.
डायोड जाऊ देतो, परत येऊ देत नाही.
त्याच्याविषयी मी ग्लेनिसला एवढंच सांगितलं.
मला इथे येऊन एकोणीस वर्षं झाली.

इचलकरंजीत अण्णांचा उजवा हात मागात सापडला,
तेव्हापासून तो सायकलचं हँडल सोडायला धजत नसे.
वळायचं झालं की मान न वळवता म्हणायचे,
उजवीकडं गं, शालन.
आणि मागे कॅरिअरवर, कोंबांच्या पिशवीला टेकून,
मी हात बाहेर काढायची.
बांगडीसकट. अगदी ताठ.
एकदा फुगेवाल्याकडे बघता बघता
हात आत घ्यायचा राहूनच गेला,
तसाच तो गांधी पुतळ्यापर्यंत गेला.
मागून ट्रकवाला शिव्या देतोय,
आणि अण्णा, रागावले नाहीत, नुसतं म्हणाले,
घे आता हात. वळलो आपण.

डाग लागला. टेप गुंडाळली.
डावं दाबलं: डावे दोनच.
शेडच्या भिंतीवर, रंगाच्या डब्यांवर,
ग्लेनिसच्या चष्म्यावर नारिंगी उघडझाप.
मिनिटाला ऐंशी, मी घड्याळ लावून मोजली.
ती मात्र कान देऊन उभी.
टिकटिक कुठे गेली?
नव्याला आवाज नसतो, मी म्हटलं.
तिनं मान डोलावली, हेल्मेट चढवलं,
तीन लाथांत गाडी सुरू झाली.

कोपऱ्यावर ती डावीकडे वळली, झोकात.
मग चढ. मग सरळ रस्ता, मेंढ्यांच्या कुंपणाशेजारून,
जिथे मैलभर डावीकडे काहीच नाही.
धुक्यात तो ठिपका लुकलुकतोच आहे,
लुकलुकतोच आहे.

जुना रिले माझ्या कोटाच्या खिशात.
रस्त्यावर कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हटलं:
घे गं आता हात.