इतिवृत्तात न आलेलं

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
उपस्थिती एकेचाळीस. विषय एक. निर्णय तहकूब.
बाकीचं या मागच्या पानावर, माझ्यापुरतं.

सभा शाळेत भरली.
मुलं नाहीत तिथे, नऊ वर्षं झाली.
आता आहेत कंपनीने डोंगरातून काढलेले खडकाचे दंडुके,
लांबट खोक्यांत, ओळीने, नंबर घालून.
माझा पट कधीच एवढा भरला नव्हता.
आदेरितो एका खोक्यावर बसला.
ऊठ म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

फिलोमेनाची मुलगी बोलायला उभी राहिली,
कंपनीचं जाकीट, पायात मात्र आईचे बूट.
माझ्याकडेच शिकली. हातचा विसरायची.
तिने भिंतीवर आलेख लावला:
एक रेघ सुळक्यासारखी चढली
आणि पलीकडे कडाच.
जिथे ऐंशी होते तिथे आज दहा, ती म्हणाली,
लिथियमला सध्या कुणी विचारत नाही.
म्हणजे खाण होत नाही?
तसं नाही. ब्रसेल्सच्या यादीत आपलं नाव आहे,
लिस्बनला सरकार बदललं तरी फाईल तीच राहते.

आपलं, म्हणाली ती.

म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, तसं हे.
दगड अजून डोंगरात,
आणि त्याच्यावर तीनदा श्रीमंत होऊन
दोनदा बुडालेत लोक, ज्यांनी डोंगर पाहिलेला नाही.

डोंगर कुणा एकाचा नाही. गायरान आहे.
ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो त्याचा त्यात वाटा,
असं आजोबांच्या आधीपासून.
बेल्मिरो ल्योंहून फोनवर ओरडत होता,
माझंही घर आहे तिथे, माझंही मत धरा!
बेल्मिरो, म्हटलं, तुझ्या धुराड्यात घुबड राहतं.
हशा पिकला. तेवढाच.

मग झुल्मिरा उठली. काठीवर, हळूहळू.
आठवड्यातून तीनदा डायलिसिसला सत्तर किलोमीटर जाते ती.
कंपनी गाडी देणार होती, म्हणाली.
तुम्ही डोंगर वाचवा, जरूर वाचवा.
सोमवारी मला कोण नेणार, तेवढं सांगा.
आम्ही सगळे खिडकीकडे बघायला लागलो.
बाहेर राईचं शेत होतं, कापून झालेलं.

(मी विरोधातली. पहिल्या दिवसापासून.
सोमवारी मी नेते असं म्हणाले नाही.)

किनोने इंजिनिअरांसाठी आठ खाटांचं घर बांधलंय,
गाद्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.
तो एक शब्द बोलला नाही.
ज्यांनी दोन वर्षं रस्ता अडवला, फलक रंगवले,
तेही जिंकल्यासारखे दिसत नव्हते.
आपण ढकलत होतो ते दार
आतून कुणीतरी नुसतंच लोटून ठेवलं,
कडी न लावता.

लोक गेल्यावर मुलगी थांबली, खुर्च्या उचलायला.
एक दंडुका काढला, अंगठ्याला थुंकी लावली,
खडकावरून फिरवली.
करडा रंग बाजूला झाला आणि आत
हिरवट पांढरी बोटभर लांब काडी,
पहाटेच्या बर्फात उजेड अडकावा तशी.
बाई, बघा ना, म्हणाली.
पाढा बरोबर आल्यावर अशीच बघायची.
मी बघितलं. सुंदर होतं.
ठीक आहे, म्हटलं, दिवे बंद कर.

पुढच्या सभेची तारीख? मी विचारलं.
भावावर आहे, ती म्हणाली.
तो रकाना मी पेन्सिलनेसुद्धा भरला नाही.

खाली ओरासियोच्या कॅफेतून वायर काढून
तिची विजेची गाडी चार तास चार्ज होत होती.
त्याने वायर गुंडाळली, वही उघडली,
आणि कंपनीच्या नावावर, मागच्या बाकीखाली,
आजचे चार तास मांडले.