रीडिंग

जेरुसलेमच्या दमास्कस दरवाज्याशी, सहाला दहा कमी,
मुनीब तिळाचा लांबट पाव घेतो,
कागदाच्या पुडीतला झातर त्यावर भुरभुरतो,
अर्धा खातो, अर्धा खिशात.
दुसऱ्या खिशात टॉर्च, वही
आणि फडकं, मीटरची काच पुसायला.
काचेवर धूळ सगळ्यांकडेच सारखी बसते.

पाणीखात्यात चोवीस वर्षं.
या गावात लोक चढत येतात, हा उतरतो.
ते घुमटाकडे बघतात,
हा जिन्याखाली ओणवा.
"मान मलाही वाकवावी लागते,"
बायकोला सांगतो, ती हसत नाही.

संत ॲनच्या चर्चमध्ये कोरियाच्या बायका गाताहेत.
त्या थांबल्या तरी सूर थांबत नाही,
तळघरात पाइपापर्यंत येतो.
चार हजार सहाशे बारा.

कबरीच्या चर्चमध्ये एका शिळेवर
बायका रुमालाने तेल टिपून घेताहेत.
एकीचं लेकरू त्याच शिळेवर मोटार चालवतंय, तोंडाने आवाज काढत.
मुनीब खांबामागच्या दारातून आत.
तीन पंथ, तीन मीटर.
एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही,
हे कुणी लिहून दिलेलं नाही.
वर गच्चीत इथिओपियाचा एक साधू
नळाखाली पालक धुतोय,
पान पान वेगळं करून, उलटून.
मुनीब काही बोलत नाही. इथला आकडा नेहमीच छोटा असतो.

चेकपोस्टवर मिसरूड फुटलेलं पोरगं
तीच टॉर्च रोज नव्याने तपासतं.

भिंतीपाशी दोन कानांचे तांबे,
उजव्या हातावर पाणी, मग डाव्या, मग पुन्हा.
दगडांच्या फटीत चिठ्ठ्या कोंबलेल्या.
मीटर बराच लांब, लोखंडी झाकणाखाली,
आणि त्या झाकणाच्या फटीतही
कुणीतरी एक घडी खुपसलीय.
चुकून? की भिंतीशी गर्दी होती म्हणून?
मुनीब उघडत नाही.
आकडा घेतो, ती परत ठेवतो. जरा खोल.

दुपारच्या अजानला तो स्वतःच बसतो
मशिदीपुढच्या कारंज्याच्या दगडी बाकावर,
पाय धुतो, टाचा घासतो.
एवढा एक वेळ तो रीडिंगमध्ये असतो.
उठताना नळ दोनदा बघतो.

मग आर्मेनियन गल्ली, वारतूहीचं दार.
मागच्या महिन्यात आठशे तीन.
आज आठशे तीन.
काच पुसतो. आठशे तीन.
चोवीस वर्षांत असं दोनदा झालंय,
आणि एकदा दार फोडावं लागलं होतं.
तो कडी वाजवतो. मठात लाकडी फळी ठोकतात तेव्हाच,
म्हणून पुन्हा वाजवतो, तळहाताने, मग मुठीने.

"मेले वाटलं काय?"

चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले हिने,
त्याच्या हातातली वही समोरून, उलटी वाचते.
"आठ नीट काढ. हा आठ आहे की गाठोडं?"
नळाचं पाणी सोसत नाही म्हणते.
सतरंजी पायाने सारते, फरशीतलं झाकण उचलते.
खाली काळोख, काळोखात पावसाळी पाणी,
कुठल्या सालचं कोण जाणे.
"याला तुझा काटा नाही."
बादली ओढता ओढता सांगते,
"माझा चष्मा पडलाय आत. आकडे तसेही दिसतात मला.
पेला नको शोधत बसायला, धर हात."

तीर्थ घ्यावं तशी त्याची ओंजळ आपोआप होते.
गार. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ.

शेऱ्याच्या रकान्यात तीनच पर्याय:
घर बंद. कुत्रं. मीटर नादुरुस्त.
तो पेन्सिल टेकवतो, उचलतो,
रकाना कोराच सोडतो.
खिशातला अर्धा पाव टेबलावर ठेवतो,
ती तो हुंगते, "सकाळचा," म्हणते, तरी मोडते.

अजून सतरा दारं बाकी.
जिभेवर चुना, थोडं लोखंड.