समासातला आकडा

राजाराम बंधाऱ्यावर माझं काम एवढंच :
दर तासाला पट्टी वाचायची,
फूट-इंच वहीत लिहायचे, फोनवर सांगायचे.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
मधले चार फूट कुणाचेच नसतात.
त्या चार फुटांत लोक म्हशींची दावी सोडतात,
टीव्ही माळ्यावर चढवतात
आणि पुलाच्या कठड्यावरनं ओरडतात,
"मास्तर, थांबलं काय?"

मी मास्तर न्हाई.

माझी संपदा मिनिकॉयला असते,
हवामानखात्यात. पहाटे आभाळात फुगा सोडते.
नकाशावर ते बेट पहिल्यांदा सापडलं,
तेव्हा बोट ठेवलं तर दिसेनासंच झालं.
तिची आई म्हणाली, "बोट काढा तिथनं."

आमचं बोलणं आकड्यांत चालतं.
"साडेतीन मीटर, बाबा, नैऋत्येकडून."
"एक्केचाळीस दोन. शियेचा रस्ता बंद."
"जहाज कोचीलाच अडकलंय, आठवडाभर भाजी नाही."
मग तिची आई फोन ओढून घेते : "जेवलीस?"
आमच्या घरातला हा एकच प्रश्न
ज्याला फूट लागत नाहीत, मीटर लागत नाहीत.

मंगळवारी इथं लख्ख ऊन पडलं.
बावड्यात दोऱ्या कपड्यांनी वाकल्या,
कुणी गाद्या गच्चीवर नेल्या,
आणि पट्टीवर पाणी तासाला दोन बोटं चढत राहिलं.
आंबेवाडीचा बाजीराव चौगुले आभाळाकडं बघून हसला,
"कुठाय ओ तुमचा पाऊस?"
पाऊस काल रात्री गगनबावड्यात होता.
राधानगरीचा तिसरा दरवाजा, मग सहावा,
कुणी हात न लावता उघडला होता.
काल तिकडं पडलेलं आज इकडं येतं :
तीस वर्षं पट्टी वाचून मला एवढंच कळलंय.
ते मी बाजीरावला सांगितलं.
त्यानं म्हशी सोडल्या नाहीत.

संध्याकाळी संपदाचा फोन.
"बाबा, वारा नाही. माडाचं पातं हलत नाही.
आणि समुद्र रस्त्यावर आलाय.
कदीजाच्या विहिरीचं पाणी खारट झालं.
सकाळी मी सूचना लावली तर लोक म्हणाले,
वादळ कुठाय, दाखव.
वादळ इथं नव्हतंच, बाबा.
ते पार खाली होतं, बर्फाच्या अंगाला, गेल्या आठवड्यात.
तिथनं लाट चालत आलीय."

चालत आलीय, म्हणाली.
जशी एखादी बाई कुणालाच न सांगता
माहेरी निघून यावी आणि दारात उभी राहावी.

"आत्ता चार पॉइंट...", ती म्हणाली
आणि लाईन गेली.

रात्री अकराला बॅटरी मारली,
तर पट्टीला एक धामण विळखा घालून बसलेली.
बेचाळीसचा आकडा तिच्याखाली.
हाकलावी कशी? तिलाही तेवढीच जागा होती.
मी थांबलो. ती सरकली तेव्हा इंच दिसले.
वहीत लिहिले, आणि शेजारी समासात
पेन्सिलीनं, अक्षर बारीक करून :
मिनिकॉय, चार पॉइंट,
पुढं बोटभर जागा मोकळी.

सकाळी शाखा अभियंता नाईकवडी वही चाळताना थबकले.
"हे कुठलं ठाणं?"
मी म्हणालो, "वरचं, साहेब."
ते काही बोलले नाहीत.
त्या दर्यावरनंच ढग येतात आपल्याकडं,
हे त्यांनाही शाळेत शिकवलं असणार.

साडेनऊला मेसेज आला.
दोन. आणि आईला सांगा, जेवले.

मी मोकळ्या जागेत दोन लिहिला.
तिच्या आईला फोन लावला, तो लागेना,
बावड्याची वीज गेली होती.

दहाला बेचाळीस फूट अकरा इंच.
अकरालाही तेच.
कठड्यावर बाजीराव, ओला, बरोबर एकच म्हैस.
ह्या वेळी ओरडला नाही, जवळ येऊन विचारलं,
"थांबलं काय?"
मी म्हणालो, तासानं सांगतो.