जडवस्तू नोंदवही

शिल्प, पोलादी. नग एक.
इथवर लिहून माझा पेन थांबला.
पुढचा रकाना : उपयोग.

दोंडाईच्याची शाळा, झेंड्याच्या खांबापासून सतरा पावलं.
तीन पत्रे, एक मुरडलेली पट्टी, मधे भोक
आणि भोकातून दिसणारी सायकलींची रांग.
उतरवलं त्या दिवशी हिलाल शिपाई भोवती फिरून आला.
‘हाई काय शे?’
मुख्याध्यापकांनी घसा खाकरला फक्त.

पाचवी ब म्हणते, बैलाचा कान.
बोरसे बाई म्हणतात, अपूर्णांक.
एप्रिलात हात लावला तर फोड येतो,
म्हणून हिलाल सकाळीच झारीनं पाणी घालतो,
झाडाला घालावं तसं.

थंडीत, मिरचीच्या पथारीवरून वारा येतो तेव्हा
पोरं शिंकत शिंकत त्याला कान लावतात :
सुरतेची गाडी स्टेशनाआधी इथे येते म्हणे.
मीही लावला, शाळा सुटल्यावर.
गाडी नव्हती. माझंच रक्त धडधडत होतं
कुठल्याशा पुलावरून.

जूनमध्ये झुलाल मिस्तरी नातीचा दाखला घेऊन आला.
पुढून त्यानं बघितलंच नाही.
मागे गेला, वाकला,
अंगठा फिरवला एका शिवणीवरून
वरपासून खालपर्यंत, सावकाश.
‘हाऊ सांधा मना शे.’
आणि बाकीचं?
‘बाकीनं माले माहीत नही, भाऊ.’

नातीला पहिलीत घेतलं.
रकाना अजून रिकामा होता.
लिहिलं :
सांधा पक्का.