गोचीड

विट्यात स्टँडच्या मागं माझं दुकान आहे, आठ बाय दहाचं.
बनियनपासून बॅनरपर्यंत काहीही छापून मिळतं.
जत्रा आली की कबड्डीची मंडळं येतात
आणि सगळ्यांना वाघ पाहिजे असतो.
जबडा उघडलेला, सुळे दिसणारा.
मी विचारतो, कुणी बघितलाय?
चांदोलीत असेल एखादा, तोही लाजरा,
माणसाचा वास आला की वाट बदलणारा.
तरी पाहिजे.

माझ्या कॉम्प्युटरात दोनच वाघ आहेत.
एक डावीकडं बघतो, एक उजवीकडं.
परवाच्या साली फायनल वाघ विरुद्ध वाघ झाली.
पंचानं शिट्टी मारली, हात वर केला
आणि मग विचारात पडला, कुठला वाघ बाद?

भाळवणीकडच्या पोरांनी सिंह नेला.
त्यांचा चढाईवाला बोरूएवढा,
शिवायचा, वळायचा, कुणाला कळायच्या आत रेषेपार.
सरडा होता तो. देखणा सरडा.
पण छातीवर सरडा कोण लावून घेणार?
भिलवडीच्या पोरांनी शार्क नेला.
त्यांच्या गावाखाली कृष्णेत मगरी उन्हाला पडतात,
धुणं धुणाऱ्या बायका त्यांना शेपटीवरून ओळखतात.
मगर कुणी मागितली नाही.
एकानं खिलार बैल मागितला होता.
सरपंच म्हणाला, पैसे मी देणार आणि बैल म्हणून घेणार?

मग मागच्या पौषात सात पोरी आल्या,
आटपाडीच्या खालच्या अंगाच्या, मेंढक्यांच्या.
पुढं मायाक्का पुकळे, कोपरा सांभाळणारी,
डाव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीनं एकत्र बांधलेली.
म्हणाली, दादा, गोचीड छापा.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
वाघ निम्म्या दरात देतो म्हणालो, साचा जुनाच आहे.
तिनं माझं मनगट धरलं.
म्हणाली, सोडवून दावा.
मी पन्नाशीचा, शाईचे डबे उचलून घट्ट झालेला.
ओढलं, पिळलं, हसलो,
मग हसायचं थांबलो.
काउंटरवरचा चहा बिलबुकावर सांडला.
मागची एक म्हणाली, पोट भरलं की सुटती ती आपली आपण.

चित्र कुठून आणायचं?
नेटवरची गोचीड औषधाच्या जाहिरातीतली, मेलेली.
शेवटी शेजारच्या गौस मुल्लाच्या शेळीचा कान उलटा केला
आणि बघून बघून काढली:
करडी, फुगीर, आठ पायांची.
जबडा नाही, सुळे नाहीत,
डोळे असतील तर मला दिसले नाहीत.

खरसुंडीच्या मैदानावर मी गेलो.
काम होतं असं घरी सांगितलं.
माईकवाला नाव घेईना,
खाकरून म्हणाला, आटपाडी तालुक्याचा संघ.
समोर वाघिणी, माझ्याच, डावीकडं बघणाऱ्या.
त्यांची उंच पोरगी दम घेऊन आत आली,
मायाक्का खाली बसली आणि घोटा धरला.
बस्स. एवढंच.
वाघीण फरफटत रेषेकडं निघाली,
रेष वीतभर राहिली आणि वीतभरच राहिली.
छापील जबड्यात माती गेली.
माईकवाला विसरला आणि ओरडला,
चिकटलीऽ, गोचीड चिकटलीऽ!

सेमीफायनलला त्या हरल्या, एका गुणानं.
हे सांगायला पाहिजे,
नाहीतर गोष्ट फार गोड होते.
दोन शर्टांचे पैसे अजून यायचेत.

यंदा सतरा मंडळं आली. सगळ्यांना वाघ.
म्हणून तिसरा आणलाय, सरळ समोर बघणारा.
रात्री शटर अर्धं ओढून छापत बसतो,
ओळीनं दोरीवर वाळत घालतो,
आणि ते सगळे माझ्याकडं बघत राहतात.
पोरांना नाव शोभतं का, हे सगळेच विचारतात.
पोरं शोभतात का,
ते ह्याला कुणी विचारलंय?