वारसाने मिळालेले मोर

पहिल्या दिवशी घाडीगावकरांनी चावी दिली
आणि म्हणाले, बाई, घाई करू नका,
मोराला माणसाची घाई कळते.
मागून जायचं नाही. समोरून, बादली वाजवत,
म्हणजे त्याला वाटतं
तुम्ही यावं हे त्यानंच ठरवलंय.

भायखळ्याच्या बागेत सकाळी सातला
पाइपच्या पाण्याशिवाय कुणी बोलत नाही.
मी साडीवर ह्यांचाच खाकी शर्ट घातला होता,
बाह्या दोनदा दुमडून.
शर्ट बघून पाचही पक्षी धावत आले,
सगळ्यात पुढे वाकड्या बोटाची एक लांडोर,
आणि चेहऱ्यापाशी येऊन थांबले.
त्यात त्यांची काय चूक.

शिकायला फार नव्हतं, पण संपतही नव्हतं.
बाजरी, गहू, मूठभर भुईमूग.
पालक चिरायचा बोटाच्या पेराएवढा.
पिसं झडू लागली की उकडलेलं अंडं, कवचासकट.
मला ते पाप वाटलं. घाडीगावकर म्हणाले,
पाप आपल्याला, त्यांना कॅल्शियम लागतं.
पाणी दोनदा, भांडं रोज घासून,
आतून हात फिरवला तर बुळबुळीत लागता कामा नये.
शीट बघायची. काळपट, वर चुना, म्हणजे ठीक;
पिवळं पाणी म्हणजे डॉक्टर.
दांडी एवढी उंच हवी की पिसारा जमिनीला टेकू नये.
आमच्या ताडवाडीच्या खोलीत
एवढी उंच जागा कुणालाच नाही.

पुस्तकात त्या ओरडण्याला केका म्हणतात.
जवळून ऐकलं तर
मांजराच्या शेपटीवर कुणीतरी
सबंध कपाट ठेवल्यासारखं वाटतं.
महिन्याभरात मला ते ऐकू येईनासं झालं,
आणि सुट्टीच्या दिवशी घरी
शांततेनं जाग येऊ लागली.

भाद्रपदात पिसं पडली. एकेक मोजायचं,
वहीत लिहायचं, ऑफिसात जमा करायचं.
जाळीशी मुलं हात पसरून उभी:
एक द्या ना मावशी, पुस्तकात ठेवलं की पिल्लू होतं.
जुनी वही उघडली. अठरा वर्षांचं ह्यांचं अक्षर.
‘पिसे ४. एक तुटके. पाऊस.’
आमच्या घरात एकही मोरपीस नाही.
हर्षल पाचवीत असताना किती रडला होता.
मी तेव्हा म्हटलं होतं,
एवढा प्रामाणिकपणा कुठल्या बँकेत ठेवणार आहात?

ती वाकड्या बोटाची पुन्हा जवळ आलीच नाही.
बाकीच्या तिघी खाऊन गेल्या की
एकटी येऊन दाणे पायानं उडवायची.
छाती हाताला हाड लागेल इतकी उतरली.
मी चक्‌चक्‌ केलं, टाळी वाजवली, आऽ आऽ केलं.
घाडीगावकर झाडायचं थांबले.
तिला नावानं हाक मारायची सवय आहे.
कसलं नाव?
ते खराट्याच्या काड्या जमिनीवर ठोकत राहिले.
मग म्हणाले, कुमुद.

चोवीस वर्षं संसार केला.
घरात मी ‘अगं’ होते. ‘ऐकलंस का’ होते.
पाहुण्यांसमोर ‘हर्षलची आई’.
लग्नात बायकांनी ढोसून ढोसून
एकदाच माझं नाव वदवून घेतलं,
तेही तोंडातल्या तोंडात.
आणि इथे, रोज सकाळी सातला, मोठ्यानं?

त्या दिवशी मी दुपारचं पाणी बदललं नाही.
रागच आला होता, खरं सांगते.
तो पक्ष्यावर काढायचा नसतो
हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आधी भांडं घासलं, दोनदा.
मग तळहातावर शेंगदाणे घेऊन उकिडवी बसले
आणि कुणी नाही असं बघून
हाक मारली. आवाज चिरका निघाला;
स्वतःच्याच नावाची तोंडाला सवय नसते.
तिनं मान वळवली.
आली नाही. तिथूनच बघत राहिली
शर्टाकडे, मग माझ्याकडे, मग शर्टाकडे.

वहीत लिहिलं: लांडोर क्र. ५. अंतर आठ फूट.
उद्या भुईमूग थोडा जास्त.